पायातली ताकद जात असेल तर नुसत्या कमरेच्या एमआरआयवर थांबू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या मंगळवारी तुमच्या आरोग्य पानावर कंबरदुखीवर लेख आला होता, व्यायाम कुठले, बसायचं कसं, गादी कशी असावी असं सगळं त्यात होतं. लेख चांगला होता, आमच्या रिसेप्शनच्या ताईंनी कात्रण काढून काचेला लावलंय. पण त्यात एक गोष्ट राहून गेली आणि ती राहू नये असं मला मनापासून वाटतं म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी मिरजेत एमआरआय टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगायचा मला हक्क नाही आणि मी सांगणारही नाही, पण कंबर-पाठ दुखणारी माणसं रोज माझ्या मशीनमधून जातात आणि चिठ्ठीवर काय लिहून आलंय आणि माणूस तोंडाने काय सांगतोय यातला फरक मला दारातच दिसतो.

चिठ्ठीवर बहुतेक वेळा असतं एल एस स्पाइन, म्हणजे फक्त कंबर. आणि माणूस सांगत असतो, ताई, पाय जड झालेत, कापसावर चालल्यासारखं वाटतं, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, छातीखाली कुणी पट्टा आवळल्यासारखं होतं. ही लक्षणं कमरेची नाहीत हो. मणके म्हणजे हाडं, आणि त्या हाडांच्या आतल्या पोकळीतून मेंदूपासून खाली येणारी दोरी म्हणजे मज्जारज्जू, ती मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते, त्याखाली नुसता नसांचा झुबका असतो, डॉक्टर लोक त्याला घोड्याची शेपूट म्हणतात. म्हणजे एल ४-एल ५ ला, कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली, ज्याला आपल्याकडे सरसकट गॅप म्हणतात, तर पायात कळ येईल, एखादा पाय लुळा पडेल, पण दोन्ही पाय काठीसारखे ताठ होणार नाहीत. पाय ताठ व्हायला लागले की भानगड वर आहे, पाठीत किंवा मानेत, आणि तो भाग कमरेच्या एमआरआयमध्ये येतच नाही, फोटो बाराव्या-अकराव्या पाठीच्या मणक्यापाशी संपतो.

हे मला पाठ होतं आणि तरी माझ्याच आईच्या बाबतीत मी चुकले.

आई वाळवा तालुक्यात गावी असते, तेव्हा अठ्ठावन्नची होती. तिला दोन्ही खवाट्यांच्या मधे दुखायचं आणि दुखायचं ते रात्री. दिवसा रानात, घरात, सगळी कामं चालू, रात्री आडवी झाली की तासा-दोन तासांत उठून बसायची, मग ओट्यावर खुर्ची टाकून पहाटेपर्यंत बसून राहायची, बसलं की बरं वाटतं म्हणायची. आम्ही समजत होतो की वय झालं, भांगलणीनं पाठ भरून येते. वर्षभर असंच गेलं, मग पाय जड झाले. तालुक्याच्या गावी दाखवलं, तिथं कमरेचा एमआरआय झाला, त्यात एल ४-एल ५ ला गादी थोडी बाहेर आलेली, मग कमरेचा पट्टा, वजन लावणं, गोळ्या, इंजेक्शन. फिल्म माझ्याकडे आली तेव्हा मी ती खिडकीला धरून बघितली आणि मलाही तेच वाटलं, सापडलं कारण. अशी गादी तर काही न दुखणाऱ्या माणसांतही दिसते. अमेरिकेत १९९४ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय करून बघितले होते, त्यातल्या ५२ टक्क्यांत निदान एका ठिकाणी गादी फुगलेली निघाली. हे मी कोर्समध्ये शिकले होते. पण घरचं माणूस असलं की डोकं चालत नाही, एक कारण मिळालं की त्यालाच धरून बसतो आपण.

पाच महिने त्या पट्ट्यात गेले. मग एकदा गावच्या बाजारातून आई परत आली तर एका पायात चप्पलच नाही, आणि तिला ते घरी उंबऱ्यात पाय धुताना कळलं. डांबरी रस्त्यावरून, उन्हातून ती अनवाणी पायानं आली होती आणि पायाला पत्ता नाही. लघवीला लागली की थांबवता येत नव्हती तेही तेव्हाच पहिल्यांदा बोलली, इतके दिवस लाजेनं सांगितलं नव्हतं. मग मात्र मी तिला मिरजेला आणलं.

इथल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी आधीच्या फिल्मा बाजूला ठेवल्या आणि आईला झोपवून खिशातली किल्ली काढून तळपायावरून टाचेकडून बोटांकडे ओढली. माणसाचा अंगठा अशावेळी खाली वळायला पाहिजे, आईचा हळूहळू वर उठला. बाबिन्स्की नावाच्या डॉक्टरनं १८९६ साली पॅरिसमध्ये ही खूण सांगितली, काही खर्च नाही, एक मिनिट लागत नाही. मग त्यांनी पिन घेऊन पायापासून वर वर टोचत आणलं, इथं बोथट लागतंय का इथं टोचतंय, असं विचारत, पोटापर्यंत सगळं बोथट आणि छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आल्यावर आई एकदम म्हणाली हां, हितं टोचलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, होल स्पाइन, म्हणजे मानेपासून कमरेपर्यंत सगळा मणका, आणि कॉन्ट्रास्टसकट, म्हणजे शिरेतून औषध देऊन.

स्कॅन मीच केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, टी २ नावाचे जे फोटो असतात त्यात पाणी पांढरं दिसतं, म्हणजे पाठीच्या पोकळीतलं पाणी पांढरंशुभ्र आणि त्यात मधोमध करडी दोरी, मज्जारज्जू. चारेक मिनिटांचा सिक्वेन्स असतो तो. कन्सोलवर फोटो आला आणि पाठीच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी ते पांढरं पाणी एकदम तुटलेलं, तिथं जांभळाच्या बीएवढी एक गोल करडी गाठ आणि दोरी एका बाजूला ढकलून अशी चपटी झालेली की रिबीन वाटावी. गाठीच्या वर-खाली पाण्याची जागा रुंदावलेली होती, म्हणजे गाठ दोरीच्या आत नव्हती, बाहेरून दाबत होती, आणि हे दिसल्यावर मला त्यातल्या त्यात धीर आला. कॉन्ट्रास्ट दिल्यावर ती सगळी एकसारखी उजळली आणि रज्जूभोवतीच्या आवरणाला चिकटलेली एक बारीक शेपटी पण उजळली. रेडिओलॉजिस्ट सर मागे येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, खांद्यावर हात ठेवला. मेनिंजिओमा. पाठीच्या भागात, पन्नाशी-साठीच्या बायकांत जास्त करून होणारी गाठ, बहुतेक वेळा साधी, कॅन्सरची नाही. माइकवरून आई विचारत होती, अगं झालं का, पाठ लई दुखतीय.

आता जे सांगायचंय ते जरा नीट सांगते कारण ट्यूमर शब्द ऐकला की घरातली सगळी माणसं रडायला लागतात. मणक्यातली प्रत्येक गाठ सारखी नसते आणि एमआरआयमध्ये पहिला प्रश्न हाच असतो की गाठ कुठल्या खोलीत, म्हणजे तीन जागांपैकी कुठल्या जागेत आहे. आवरणाच्या बाहेर असेल तर बऱ्याचदा दुसरीकडचा कॅन्सर हाडात उतरलेला असतो, स्तनाचा, फुप्फुसाचा, पुरुषांत प्रोस्टेटचा. आपल्याकडे तिथंच क्षयरोगही बसतो, तो बहुतेक वेळा दोन मणक्यांमधली गादी खाऊन टाकतो आणि बाजूला पू साठवतो, ट्यूमरमध्ये गादी सहसा शाबूत राहते, हा फरक बघून कितीतरी लोकांना कॅन्सर समजून रडत आलेलं असताना टीबीच्या गोळ्या घेऊन घरी गेलेलं मी बघितलंय. कॅन्सर असला तरी लगेच हात टेकायचे नाहीत. २००५ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, कॅन्सरने रज्जू दाबलेल्या लोकांत नुसती रेडिएशन दिलेल्यांपैकी ५७ टक्के चालू शकले आणि ऑपरेशन करून मग रेडिएशन दिलेल्यांपैकी ८४ टक्के. सगळ्यांना ऑपरेशन झेपत नाही, ते डॉक्टरच ठरवणार, पण विचारायला तरी पाहिजे.

आवरणाच्या आत पण रज्जूच्या बाहेर असलेल्या गाठी म्हणजे आईसारख्या मेनिंजिओमा किंवा नसेच्या आवरणातून निघालेल्या श्वॉनोमा. श्वॉनोमा कधी कधी नस बाहेर पडते त्या भोकातून अर्धी आत अर्धी बाहेर वाढते, अगदी व्यायामशाळेतल्या डंबेलसारखी दिसते आणि ते भोक मोठं झालेलं साध्या एक्सरेतसुद्धा ओळखू येतं. या दोन्ही गाठींचे रिझल्ट चांगले असतात, बहुतेकांची पूर्ण निघते.

तिसरी खोली म्हणजे खुद्द रज्जूच्या आत, ती सगळ्यात अवघड. तिथं दोरीच फुगलेली दिसते, गिळल्यानंतर सापाचं अंग दिसतं तशी. मोठ्या माणसांत एपेंडिमोमा जास्त, ती बरोब्बर मधोमध असते, कधी कधी टोकांना जुन्या रक्ताची काळी टोपी घातल्यासारखी दिसते आणि वर-खाली पाण्याच्या पोकळ्या. लहान मुलांत ॲस्ट्रोसायटोमा जास्त, ती एका बाजूला सरकलेली आणि कडा पुसट, गाठ कुठं संपली आणि चांगला भाग कुठं सुरू झाला हे फोटोतही कळत नाही आणि सर्जनला मायक्रोस्कोपखालीही कळत नाही. म्हणून एपेंडिमोमा बऱ्याचदा पूर्ण काढता येते आणि मग वर्षानुवर्षं त्रास होत नाही, ॲस्ट्रोसायटोमात मात्र जेवढी सुरक्षितपणे निघेल तेवढीच काढतात, तुकडा तपासतात आणि पुढचं त्यावर ठरतं.

रज्जूच्या आतल्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर सुरुवातीला माणूस आधीपेक्षा वाईट दिसू शकतो हेही नातेवाइकांना कुणीतरी आधी बसवून सांगायला हवं. आमच्याकडे एक ट्रक ड्रायव्हर आला होता, तिशीतला, शर्टची बटणं लागत नाहीत म्हणून. हातावर भाजल्याचा मोठा डाग होता आणि सायलेन्सरला हात लागला तेव्हा चटका बसल्याचंच कळलं नाही असं तो सांगत होता. मानेत एपेंडिमोमा निघाली. ऑपरेशननंतर त्याला आपले पाय कुठे आहेत हे बघितल्याशिवाय कळेना, कारण रज्जू मागच्या बाजूने मधोमध उघडून आत जावं लागतं आणि पाय कुठे आहे ही जाणीव नेणाऱ्या तारा नेमक्या तिथूनच जातात. त्याची बायको बाकावर बसून म्हणत होती, चालत आणला होता आणि डॉक्टरांनी पांगळा केला. सहा महिन्यांनी तपासणीच्या एमआरआयला तो काठी घेऊन स्वतः चालत आला. हे कारण आधी समजलं असतं तर त्या बाईचे ते सहा महिने तसे गेले नसते.

आईच्या सर्जननी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक वाक्य सांगितलं होतं, त्या चालत आल्यात ना, मग चालत जायची शक्यता भरपूर आहे. मला तेव्हा वाटलं नुसता धीर देतायत. नंतर वाचलं, विचारलं, तेव्हा कळलं की या ऑपरेशनांच्या रिझल्टचं सगळ्यात मोठं गणित हेच आहे, टेबलावर झोपताना तुमच्या पायात किती ताकद शिल्लक होती. गाठ कुठली आणि ती पूर्ण निघाली का याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त महत्त्व याला असतं. आईचं ऑपरेशन साडेचार तास चाललं, पाठीमागचं हाड काढून, आवरण उघडून, मायक्रोस्कोपखाली गाठीचं मूळ जाळून ती तुकड्या-तुकड्यांनी काढली. तपासणीत ग्रेड एक, म्हणजे साधी आली, सॅमोमॅटस, म्हणजे आत वाळूच्या कणांसारखे चुन्याचे कण. चौथ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली, तीन महिने काठी, आठव्या महिन्यात काठी कोपऱ्यात गेली. तळपायाचं बधिरपण मात्र थोडं राहिलंय आणि ते आता जाणार नाही असं वाटतं. ते पाच महिने पट्ट्यात गेले नसते तर कदाचित तेही राहिलं नसतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कारण त्याच वर्षी जत तालुक्यातल्या एका आजोबांना टेम्पोत घालून आणलं होतं, दोन महिन्यांपासून पाय पूर्ण गेलेले, पाठीला जखमा झालेल्या, आधी मालिशवाला, मग देवाचं, मग गॅपची इंजेक्शनं. स्क्रीनवर गाठ आईच्या गाठीसारखीच, जागाही जवळपास तीच. ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, पण पाय आले नाहीत. काहींचे इतक्या उशिरानेही येतात, त्यामुळे ऑपरेशन करायलाच पाहिजे होतं, पण तेव्हा भरवसा कुणी देत नाही. मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस पांगळा होतो हा जो समज गावोगाव आहे तो अशा केसेसमधूनच पसरतो, लोकांना ऑपरेशन दिसतं, त्याच्या आधीचं अख्खं वर्ष दिसत नाही.

गंमत म्हणून सांगत नाही, पण रज्जू दाबणारी गाठ जगात पहिल्यांदा यशस्वीपणे काढली ती लंडनमध्ये ९ जून १८८७ ला, व्हिक्टर हॉर्स्ले या सर्जननी. एमआरआय सोडा, एक्सरेसुद्धा नव्हता, तो १८९५ मध्ये आला. विल्यम गॉवर्स या डॉक्टरनी नुसतं हातानं तपासून गाठ पाठीत कुठं असेल हे सांगितलं होतं. पेशंट लष्करातला कॅप्टन, तीन वर्षं दुखणं घेऊन फिरलेला, पाय गेलेले. हॉर्स्लेनी पाठ उघडली तर तिथं काहीच नाही! मग त्यांनी अजून वरचं हाड काढलं आणि तिथं गाठ मिळाली. तो माणूस वर्षभरात परत चालायला लागला. लक्षणं खाली दिसतात आणि गाठ वर असते, हे १८८७ मध्ये कळलेलं आहे, आणि आपण आज लाखो-कोटींची मशीनं घेऊन खालचाच फोटो काढतोय.

म्हणून माझी डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती आहे, पेशंटचे पाय ताठ वाटत असतील, तळपायावर किल्ली फिरवून अंगठा वर जात असेल, तर चिठ्ठीवर नुसतं एल एस स्पाइन लिहू नका, निदान होल स्पाइन स्क्रीनिंग एवढे तीन शब्द वाढवा. मशीनवर आम्हाला थोडी मिनिटंच जास्त लागतात. सेंटरवाल्यांनाही विनंती, कमरेच्या एमआरआयला आलेला माणूस भिंत धरून चालत असेल तर डॉक्टरांना एक फोन करा, मी हल्ली करते, एकाही डॉक्टरांनी राग मानलेला नाही. पैशाची अडचण असते हे मान्य आहे, एकाच भागाचे पैसे घेऊन लोक आलेले असतात, पण ऑपरेशनसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिची मर्यादा आता पाच लाखांपर्यंत आहे, कार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, त्याला विचारल्याशिवाय जमीन गहाण ठेवू नका.

आणि वाचकांनो, रोजच्या कंबरदुखीने घाबरून जाऊ नका, बहुतेकांची साधीच असते आणि तुमच्या लेखातल्या व्यायामाने बरी होते. फक्त आडवं झाल्यावर दुखणं वाढत असेल, रात्री उठून बसावं लागत असेल, दोन्ही पाय जड किंवा ताठ होत असतील, छाती-पोटाला पट्टा आवळल्यासारखं वाटत असेल, लघवी-संडासचा ताबा जात असेल तर थांबू नका, आणि लाजू तर अजिबात नका. घरातल्या बायकांना तर तुम्हीच विचारा, त्या आपणहून सांगत नाहीत.

संपादक साहेब, जमलं तर एवढा शेवटचा भाग तरी चौकटीत छापा. पत्र पाठवायच्या आधी आईला फोनवर वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं तिनं आणि म्हणाली, ते गाठीचं-बिठीचं लोकांना कळंल न कळंल, पण चप्पल निसटल्याचं लिहिलंयस न्हवं, ते आधी छापाय सांग त्यास्नी, आमच्या आळीतल्या दोघीजणी परवा तसंच सांगत होत्या. त्या दोघींना येत्या रविवारी मी मिरजेला बोलावलंय.

आपली वाचक,
एक एमआरआय टेक्निशियन, मिरज
(नाव छापू नये ही विनंती)